विंझरचा अमर्याद फळा

मी सखाराम धोंडिबा ढेबे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढील सारे वाचन गुरांमागे. विंझरच्या आमच्या ग्रंथालयाच्या समितीत आम्ही चौघे आहोत. पुस्तकांची नोंद ठेवावी लागते. समितीच्या गमतींची ठेवावी लागत नाही. त्या आपोआप साचतात, आणि त्यांवर धूळही बसत नाही.

ग्रंथालयाची जुनी खोली सोडणे भाग होते. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत दोन पर्याय होते: तळमजला, नाहीतर बावीस पायऱ्या चढून वरचा मजला. माझे गुडघे कोणत्या पक्षाचे, हे सांगायला नको.

निर्णय ‘हायब्रीड’ पद्धतीने घ्यावा, असे आमची सचिव प्राजक्ता म्हणाली. ती पुण्यात कंपनीत असते. अर्धे लोक येथे, अर्धे मोबाईलवर, याला हायब्रीड म्हणतात. आमच्याकडे हा शब्द आजवर ज्वारीपुरता होता!

•

तिने सर्वांच्या मोबाईलवर एक डिजिटल फळा पाठवला. “याला कडाच नाहीत, आजोबा. अमर्याद आहे!”

अध्यक्ष सुदामरावांनी बोट फिरवले आणि फळा कोरा झाला.

“आगं, आमी कुठं हाय?”

“तुम्ही खूप खाली गेलात, काका. उजवीकडे.”

“खाली म्हंजी? नसरापूरला पोचलो का काय?”

त्यांना परत आणण्यात पहिली सभा संपली. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा’ अशी नोंद आहे.

•

फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचा एक बाण फिरतो. भोरहून सहभागी होणारे निवृत्त शिक्षक कांबळे सर यांचा बाण ‘बालविभाग’ या शब्दावर तब्बल अर्धा तास स्थिर होता. एवढी एकाग्रता आम्ही कोणीही पाहिली नव्हती.

“सर, बालविभागाबद्दल आपलं मत?” प्राजक्ताने आदराने विचारले.

उत्तर त्यांच्या सूनबाईंनी दिले. “बाबा मगाशीच मंडईत गेलेत. मोबाईल चार्जिंगला हाय.”

•

नंतर निनावी सूचना मागवल्या. मोकळेपणाने लिहावे, म्हणून पिवळ्या चिठ्ठ्यांवर नाव येत नाही. पहिलीच चिठ्ठी उमटली: ‘अदेक्षाला हितं मोटी खुर्ची पायजे.’

सुदामराव गंभीरपणे म्हणाले, “कुणी लिवलं ठाव न्हाई. पर मानूस इचारी दिसतोय!”

•

विंझरमध्ये नेटवर्क फक्त ग्रंथालयाच्या खिडकीशी येते. त्यामुळे मी आणि सुदामराव एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून ‘ऑनलाइन’ बसतो. एकदा त्यांनी माझ्यासाठी फळ्यावर चिठ्ठी लावली: ‘च्या घेनार का?’

मी ‘घेनार’मधला ‘न’ सुधारून ‘ण’ केला.

“आवो ढेबे, व्हय का न्हाई त्ये सांगा की!”

“फळ्यावर विचारलेत, फळ्यावरच सांगेन.”

पुण्याहून प्राजक्ताने आमच्यासाठी समोरच्या टपरीवर फोन केला, तेव्हा चहा आला.

•

मतदानाची रीत ठरली त्या सभेला मी नव्हतो. पालीला एका लग्नात होतो. सुदामरावांनी निरोप दिला, “आईतवारपत्तूर फळ्यावर मत द्या. बाकी समदे सभासद बी देनार हायेत.”

रविवारी मी खिडकीशी बसून फळा उघडला. दोन मोठ्या चिठ्ठ्या होत्या: ‘तळमजला’ आणि ‘वरचा मजला’. तळमजल्याच्या बाजूने मी अकरा ओळींचे सप्रमाण निवेदन लिहिले. मग माझे लक्ष वर गेले. ‘तळमजला’ या शब्दाच्या डोक्यावर कोणीतरी नऊ अनुस्वार दिले होते! ‘त’वर दोन, ‘ळ’वर तीन. आमच्या लहानपणीही एवढे देत नसत. मी चष्मा पुसला आणि एकेक करून नऊही काढले. ‘वरचा मजला’ याची चार टिंबे अक्षरांच्या खाली होती. अक्षराखाली अनुस्वार नसतो. म्हणून त्यांना हात लावला नाही.

सोमवारी सकाळी प्राजक्ताने निकाल ग्रामपंचायतीला पाठवला. दुपारपर्यंत तळमजला पिठाच्या गिरणीला देऊन झाला होता. संध्याकाळी सभा भरली.

“वरच्या मजल्याला चार मतं. तळमजल्याला एकही नाही,” ती म्हणाली.

“आसं कसं? म्या सोता ठिपका ठिवला व्हता!” सुदामराव उसळले.

“मीही ठेवला होता,” कांबळे सर म्हणाले. त्या दिवशी ते मोबाईलजवळ होते.

प्राजक्ताने फळ्याचा इतिहास उघडला. रविवारच्या नोंदीत माझे नाव नऊ वेळा होते.

“आजोबा, तुम्ही काल काही पुसलंत का?”

“होय,” मी म्हणालो. “शुद्धलेखन.”

त्यानंतर समितीचे मतदान हात वर करून होते. ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे. मी पूर्वी रोज जात असे. आता गुरुवारी जातो.