शिळं पाणी मागणारी हिराकाकू

आमच्या गल्लीत शिळं पाणी मागत फिरणारी बाई आज सकाळी गेली.

हिराकाकू. आमच्या शेजारची. भवानी पेठेत ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांनी तिला पाहिलंय. नाव माहीत नसेल, पण गाड्यावर पिंप ठेवून ओरडत येणारी बाई आठवत असेल.

सकाळपासून तिचा एक बरा फोटो शोधतेय. मोबाइलमध्ये जेवढे सापडले त्या सगळ्यांत तिची पाठ आहे आणि पुढे झाड. एकदाही वळून बघितलं नाही बाईनं.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे घरात असतील नसतील ती भांडी भरून ठेवायची. आणि पुढचं पाणी आलं, की आधीचं उरलेलं "शिळं" म्हणून गटारीत ओतून द्यायचं!

हो, खरंच. पाण्याच्या नावानं शिमगा करायचा आणि पाणी आलं की पाणीच ओतायचं. आमची आईसुद्धा ओतायची. सगळी गल्ली ओतायची.

काकूचं माहेर सांगोल्याकडचं. टँकरमागं धावत मोठी झालेली. तिला हे बघवायचं नाही. आधी भांडून बघितलं, कुणी ऐकलं नाही.

मग एका पाण्याच्या दिवशी तिनं नवऱ्याच्या कारखान्यातला सुताची बाचकी वाहायचा मोडका हातगाडा आणला, त्यावर पिंप चढवलं आणि गल्लीत आरोळी ठोकली,

"शिळं पाणी वाढा वो माऽय!"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो हिराबाई, चांगल्या घरच्या तुम्ही. भिकाऱ्यासारखं काय ओरडताय?"

"मग? नुसतं पाणी मागितलं असतं तर दिलं असतंस व्हय? शिळं म्हणलं की बायकांचा हात लगेच सुटतोय."

आणि खरंच सुटला. हंड्यातलं, बादलीतलं, कळशीतलं. ते सगळं नाल्याच्या भिंतीकडे जायचं. तिथे पूर्वी उकिरडा होता, नाक धरून जावं लागायचं. आता तिनं लावलेले कडुलिंब आहेत, करंज आहेत, एक चिंच आहे. मे महिन्यात भाजीच्या गाड्या तिथेच सावलीला थांबतात.

लोक तिला शिळीकाकू म्हणायला लागले. तिला काही फरक पडला नाही.

"मी ताजी कवा हुते गं?"

मी एकदा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "काकू, पाणी शिळं होतच नाही, हे लोकांना नीट समजावून सांग ना."

"धरणात वरीसभर पडून असतंय ते ताजं, आन् तुझ्या आईच्या पिपातलं चार दिसात शिळं. ह्याला काय समजावायचं? मिळतंय न्हवं? मग शिळं तर शिळं."

गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं.

"बघ की. समद्या गल्लीचं पाणी मागून आणलं, आन् आता मलाच घोट मिळंना."

हसत म्हणाली. मला नाही हसता आलं. घरी येऊन खूप रडले.

गाडा मी आणि आई ढकलायला लागलो. पण तिची आरोळी आमच्या तोंडात बसेना. हळूहळू काही घरांनी परत गटारीत ओतायला सुरुवात केली. तिची खाट खिडकीशी. ओतल्याचा आवाज तिला बरोबर ऐकू जायचा.

"कोण वततंय बघ गं."

परवा मला जवळ बसवून म्हणाली, "मी गेल्यावर समदं गटारीतच जाणार हाय."

"नाही गं काकू," मी म्हटलं. पण माझाच त्यावर विश्वास नव्हता.

काल पाणी आलं. आज सगळ्यांची पिपं काठोकाठ भरलेली. आणि आज सकाळी काकू गेली.

दुपारी तिला नेलं. आमच्याकडे रीत आहे, गल्लीतून मयत उठली की घरात भरलेलं पाणी ओतून टाकायचं. सुतकाचं पाणी वापरायचं नाही.

बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. गटारीच्या कडेला उभ्या राहिल्या.

कुणी ओतेना.

काकूची लेक मंगल, मोहोळला दिलेली. ती आईच्या घरातली कळशी कमरेवर घेऊन उभी होती. हळूच म्हणाली, "झाडास्नी घालू का?"

"सुतकाचं पाणी हाय, बाई. झाडाला कसं चालंल?" तिची चुलती म्हणाली.

मंगलची कळशी गटारीकडे कलायला लागली.

तेवढ्यात नागव्वाआजी ओट्यावरून उठल्या. अक्कलकोटकडच्या, गल्लीत सगळ्यात म्हाताऱ्या, सोवळ्याओवळ्याच्या कट्टर. यांनी काकूला कधी तांब्याभर पाणी दिलं नव्हतं.

"अय्यो, थांब की पोरी. सुतक कुणाला आस्तंय?"

"घरच्यास्नी," चुलती म्हणाली.

"मग ती झाडं कुणाची हायत? त्यास्नीबी सुतक हायच की. तिनं पोसली न्हवं?"

मंगल कळशी घेऊन तिथेच मटकन खाली बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आम्ही सगळ्याच रडलो.

मग एकेक बादली नाल्याच्या भिंतीकडे निघाली. नागव्वाआजी काठी टेकत मागून आल्या. एका हातात तांब्या.

"आधी चिंचला घाला," म्हणाल्या. "थोरली ती."

हिराकाकू, पाणी गटारीत गेलं नाही गं.

निवांत जा आता.