सपाट आवाजाची आर्लेटा

आर्लेटा स्टिडम बोलायला लागली की आमच्या खोऱ्यातली कुत्री भुंकायची थांबतात. मी थट्टा करत नाही. ती पोस्टात आली की रांगेतली माणसं बोलणं अर्धवट टाकून मागं वळतात, आणि कोण बोललं ते त्यांना चटकन कळत नाही. त्या आवाजाला चढ नाही, उतार नाही, राग नाही, लोभ नाही. समोरून येतोय की आपल्याच डोक्यातून, असा क्षणभर घोळ होतो. फोनवर तर तिचा सख्खा भाऊ 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून देतो.

हा आवाज काही तिनं जन्मताना आणला नव्हता. आमच्या चर्चमध्ये वाद्यं चालत नाहीत. एकानं भजनाची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत म्हणायची. आर्लेटाचे वडील आठवडाभर खाणीत कोळसा काढायचे आणि रविवारी ओळ सांगायचे. बायकांच्या बाकांवरून ती ओळ उचलायची आर्लेटा, आणि अंगावर काटा यायचा. शाळेत मदतनीस म्हणून तिला घेतलं तेही तेव्हाच्या त्या आवाजासाठीच. ती ग्रंथालयाच्या कोपऱ्यात भुताच्या गोष्टी सांगायची आणि व्रात्य पोरं एकमेकांचे हात धरून बसायची.

मग वॉशिंग्टनचा कायदा आला. तिसरीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक पोराची दर वसंतात परीक्षा. गैरहजेरी धरूनही शंभरातली पंच्याण्णव पोरं बसलीच पाहिजेत, आणि निकाल घसरला की शाळेवर ठपका. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी पाचवीला शिकवतो. माझ्या वर्गातल्या कोणाच्या घरी दिवे नाहीत, कोणाचा बाप तुरुंगात आहे, हे त्या उंटावरून दिसत नाही. दिसतो फक्त आकडा.

परीक्षेच्या आठवड्यात आमची शाळा बघावी. पोरांना भिंतीवर उत्तर सापडू नये म्हणून नकाशे, पाढे, चित्रं सगळं तपकिरी कागदानं झाकायचं. मुख्याध्यापकांना तर मी स्वतः फळ्यावरच्या तारखेवर कागद चिकटवताना पाहिलंय. घंटा बंद. स्वयंपाकघरात भांडं वाजवायचं नाही. भरलेली शाळा, आणि आत कोणी नाहीच असं वाटावं. त्या शांततेत टोकाच्या खोलीतून एकच आवाज येत राहायचा. "प्रश्न चौथा. पर्याय अ. पर्याय ब. पर्याय क."

तो आर्लेटाचा. ज्या पोरांना अक्षर लागत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो, आणि आमच्याकडे ते काम तिच्या गळ्यात पडलं. नियम असा की बरोबर पर्यायावर आवाज जरासा जरी हलला तरी ती फसवणूक. पोरं तर वस्ताद. ती कागदाकडे बघतच नाहीत, वाचणाऱ्याच्या भुवयांकडे बघतात. आर्लेटानं ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं. गाडीत, न्हाणीत, कपडे वाळत घालताना सराव केला, आणि वर्षागणिक तो आवाज तिच्यात मुरत गेला. परीक्षा संपली तरी तो निघेना.

तिचा नवरा होबर्ट एकदा पेट्रोल भरताना मला म्हणाला, "मास्तर, आमच्या घरात तिसरं कोणीतरी राहतंय. जेवायला हाक येते, पण मारली कोणी ते कळत नाही." तो हसत होता, पण पेट्रोल टाकीबाहेर सांडत होतं ते त्याला दिसलं नाही. तिच्या नातीनं गोष्ट मागितली आणि अर्ध्यातच कानांवर हात ठेवले. "आजी, तू सांग ना. ही कोण सांगतेय?"

आता टॅन्सी नोबलबद्दल. वरच्या ओढ्याजवळ रोनेटा नोबल राहते, तिची ही एकुलती एक मुलगी. अगदी लहान असताना ओढ्यात बुडाली. बाहेर काढली तेव्हा श्वास परत आला, बाकीचं आलं की नाही ते कोणालाच सांगता आलं नाही. खाटेवर पडलेली, नळीतून श्वास, डोळे उघडे आणि खिडकीबाहेरच्या डोंगरावर लागलेले. माणूस खोलीत आलं काय, गेलं काय, ते डोळे हलत नसत.

कायद्यात 'प्रत्येक पोर' म्हणजे प्रत्येक पोर. तेव्हा टॅन्सी परीक्षेच्या वयाची झाली आणि शाळेनं आर्लेटाला तिच्या घरी धाडलं. सोबत साक्षीला दुसरा माणूस लागतो, तो मी. उत्तरं माझ्याकडे बंद पाकिटात. आर्लेटाला ती माहीत नसत. ती चित्रांचे तीन पत्ते मुलीसमोर धरायची, प्रश्न वाचायची, थांबायची. पुन्हा वाचायची, पुन्हा थांबायची. मग 'उत्तर नाही' यावर खूण. त्रिकोण कोणता? उत्तर नाही. पाण्यात कोण राहतं? उत्तर नाही. श्वासाचं यंत्र फुस्स फुस्स करत राहायचं. परीक्षा म्हणून रोनेटा तिचे केस विंचरून, नवा झगा घालून ठेवायची. दोन वर्षं असंच चाललं, आणि मला ते बघवायचं नाही.

मी चिडलो. पत्रं लिहिली, राजधानीला गेलो, समितीपुढं टेबल आपटून बोललो. माझ्यासारखे आणखी पुष्कळ होते. शेवटी नियम बदलला. लागोपाठ तीन वर्षं ज्या मुलाकडून उत्तर नाही, त्याला परीक्षेतून कायमची मोकळीक. मी बातमी सांगायला धावत रोनेटाकडे गेलो. ती बीन्स निवडत होती.

"म्हणजे यंदा तिनं उत्तर दिलं नाही की संपलं?"

"संपलं. पुन्हा छळ नाही."

"आणि शाळेची घरी शिकवायला येणारी बाई? आर्लेटा मावशी? तुम्ही?"

आमच्या जिल्ह्यात शिकवणी आणि परीक्षा एकाच दोरीला बांधलेल्या. मोकळीक मिळाली की शाळेचं कोणी येणार नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही तिला सोडवताय की पुसताय?"

कायदा मूर्ख होता, हे मी आजही म्हणतो. पण तेव्हा मी मान खाली घालून तिच्या बीन्स निवडू लागलो.

त्या तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा डोंगरावर धुकं उतरलं होतं आणि खिडकीत नुसता पांढरा रंग होता. आर्लेटा खाटेजवळ बसली. "प्रश्न पहिला," ती म्हणाली, आणि टॅन्सीचे डोळे खिडकीवरून निघाले. अगदी सावकाश. भिंतीवरून, नळीवरून, आर्लेटाच्या खांद्यावरून पत्त्यांपर्यंत आले आणि एका पत्त्यावर थांबले. बरोबर पत्त्यावर.

रोनेटानं तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरला. आर्लेटाचा चेहरा तसाच कोरा. "प्रश्न दुसरा." डोळे पुन्हा फिरले. बरोबर. तिसरा, बरोबर. बरं वाटायला हवं होतं, पण मला भीती वाटली. इतकी वर्षं आम्ही तिच्यादेखत काय काय बोललो होतो!

एकच चुकला. 'कोळसा कशापासून तयार झाला?' पत्ते तीन, झाड, दगड, पाणी. टॅन्सीनं दगडाकडे पाहिलं.

परतताना मी गाडीत वेड्यासारखा बडबडत होतो. "सगळी बरोबर, आर्लेटा! ते कोळशाचं एक सोडलं तर सगळी!"

"ते कसं चुकलं?" आर्लेटा म्हणाली. "दगडच की."

"अगं, झाडं गाडली जातात, युगं लोटतात, मग..."

"माझे वडील त्यातच मेले, मास्तर. देवानं तिसऱ्या दिवशी डोंगर केला, त्यातच कोळसा केला. दगड आहे तो."

मी गाडी कडेला घेतली. तिलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिनं पिशवीतला पत्त्यांचा गठ्ठा पायाशी टाकून दिला. आर्लेटाला जिथं माहीत होतं तिथं टॅन्सीला माहीत होतं. आर्लेटा जिथं चुकली तिथं टॅन्सी चुकली. ज्या आवाजात आम्हा कोणालाच काही ऐकू येत नव्हतं, त्यात त्या पोरीला सगळं ऐकू येत होतं.

"मी सुचवलं," आर्लेटा म्हणाली. "न कळत, पण सुचवलंच. ही फसवणूक झाली."

"फसवणूक कसली? ती ऐकतेय, आर्लेटा! तिच्या आत कोणीतरी आहे! गप्प बस आणि गुण पाठव. पोरगी पटावर राहील."

"खोट्या गुणांवर? उद्या दुसरी कोणी वाचायला येईल आणि पोर तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. मग रोनेटाला काय सांगाल?"

तिनं जिल्ह्याच्या शिक्षण-साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. मीही साक्षीदार म्हणून सांगितलं, वर हेही सांगितलं की माणसाचा आवाज ओळखणं हेच त्या मुलीचं उत्तर आहे. साहेबांनी चष्मा पुसला. "वाचणाऱ्यानं सुचवलेलं उत्तर धरता येत नाही." परीक्षा रद्द. आर्लेटाला कामावरून काढलं. टॅन्सीच्या नावापुढं तिसऱ्यांदा 'उत्तर नाही', आणि पाठोपाठ रोनेटाला मोकळीक मिळाल्याचं अभिनंदनाचं पत्र. माझ्याच भांडणाचं फळ ते. मला त्या पत्राची किळस आली.

रविवारी चर्च सुटल्यावर आर्लेटा माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. "चला. आता मला कोण काढतंय?"

रोनेटानं दार उघडलं, तशीच बाजूला झाली. आर्लेटानं खाटेजवळ बसून आधी गोष्ट सुरू केली, तिच्या जुन्या आवाजात. कित्येक वर्षांत मी तो ऐकला नव्हता. गंजलेला होता, पण तोच. वडील सांगायचे ती भजनाची ओळही तिनं लावली, आणि दारात उभी असलेली रोनेटा रडायला लागली. टॅन्सीचे डोळे डोंगरावरच. आर्लेटानं तिचा हात धरला, नावानं हाक मारली, लाडानं बोलली. काही नाही.

मग ती ताठ बसली. चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. "प्रश्न पहिला," तो दुसरा आवाज म्हणाला.

डोळे तिच्याकडे वळले.

मी हबकलोच. ज्या आवाजाला नात भ्याली, तोच त्या पोरीचा ओळखीचा आवाज. बाकी आम्ही सगळे तिच्या लेखी यंत्राच्या फुस्स फुस्समध्ये मिसळून गेलेलो.

"मावशी," रोनेटा म्हणाली, "तिला एक विचार. दुखतं का, विचार."

आर्लेटा दचकली. "नको गं. मला वाटतं तेच ती सांगेल. आणि मला काय वाटतं ते..."

"विचार."

रोनेटानं दोन पुठ्ठे घेतले, एकावर हिरवा रंग, एकावर लाल. हिरवा म्हणजे नाही, लाल म्हणजे हो, हे आर्लेटानं टॅन्सीला पुन्हा पुन्हा वाचून सांगितलं. मग तिनं डोळे मिटले, आणि रोनेटानं पुठ्ठे कसे धरले ते पाहिलंच नाही. "प्रश्न," ती म्हणाली. "तुला दुखतं का?" थांबली. मला यंत्राचा आवाज नकोसा झाला. "तुला दुखतं का?"

टॅन्सी लाल पुठ्ठ्याकडे बघत होती. दुसरीकडे बघेचना.

मी म्हणालो, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. आर्लेटाच्या मनातली भीती असेल ती. रोनेटानं माझ्याकडे पाहिलंही नाही. सोमवारी तिनं पोरीला यंत्रासकट गाडीत घालून गावच्या दवाखान्यात नेलं आणि एक्स-रे फोटो काढल्याशिवाय हलणार नाही म्हणून हटून बसली. डावा खुबा सांध्यातून निसटलेला निघाला. आजचा नव्हे. डॉक्टर म्हणाले, हाड घासलेलं बघता दोन-तीन वर्षं तरी झाली असतील.

म्हणजे त्रिकोण विचारला तेव्हाही. पाण्यात कोण राहतं विचारलं तेव्हाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा औषध सुरू झालं होतं. रोनेटा शांत होती, इतकी की मला तिच्या नजरेला नजर देववेना. तिनं खुर्ची ओढून आर्लेटाला बसवलं. "मावशी, आता बाकीचं विचार. सगळं विचार."

आर्लेटानं तोंड उघडलं आणि आवाज फुटला. हुंदकाच आला. "टॅन्सी, बाळा..." टॅन्सी डोंगराकडे बघत राहिली. आर्लेटानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गळा भरून आला, आणि ते डोळे जागचे हलले नाहीत.

रोनेटानं पाणी आणून दिलं. "रडू नकोस," ती म्हणाली. "तू रडलीस की तिला ऐकू येत नाही."

आर्लेटा पाणी प्यायली. तिनं डोळे पुसले, हात मांडीवर सरळ ठेवले. मी तिचा चेहरा एकेक रेघ करून रिकामा होताना पाहिला.

"प्रश्न पहिला," ती म्हणाली. "तुला एकटं वाटतं का?"