पडून राहिलेले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडखोर आणि तितकाच मायाळू माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. सकाळी व्यापाऱ्यांचे भागीदारीचे दावे, दुपारी कामगार न्यायालय आणि संध्याकाळी धरमपेठेतल्या घरी मामींशी उरलेला युक्तिवाद, अशी त्यांची वकिली दिवसभर चाले. मामींनी भाजी आणायला सांगितली की म्हणत, "पुढची तारीख दे वं." मामीही काही कमी नव्हत्या, एकतर्फी निकाल देऊन नुसतं वरण वाढत. तिसरी पुरणपोळी ताटात पडली की मामा आधी जाहीर करत, "माझे सर्व हक्क अबाधित ठेवून खाऊन राहिलो बरं!" आणि लगेच चौथीवर हक्क सांगत.

मी पडलो पुण्याचा. सत्तर सालच्या सुमारास नोकरीसाठी बिऱ्हाड नागपुरात हलवलं, तेव्हा एका दुपारी बायको म्हणाली, "मामा येऊन राहिले." म्हटलं, झालं! आले ते आले, वर मुक्कामालाही राहिले! निमूटपणे गादी घातली. मामा दारातूनच ओरडले, "काहून जवाईबापू, मले आजारी समजले का?" 'येऊन राहिले' म्हणजे नुसतं 'येत आहेत', हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी ते साऱ्या कोर्टात सांगून माझी पार शोभा केली.

पण तीच गोष्ट किसनाच्या कामी आली. किसना गिरणीतला कामगार. कामावर झोपला म्हणून त्याला काढून टाकलं होतं. घरात तीन लेकरं, दुसरी मिळकत नाही. चौकशीचे साहेब नेमके माझ्याच गावचे, पुण्याचे. त्यांनी विचारलं, "मुकादम आला तेव्हा काय करत होतास?" किसना म्हणाला, "पडून राहिलो होतो साहेब." बिचारा सांडलेल्या तेलावरून घसरून पडत होता. साहेबांनी लिहिलं, कामगाराने आडवा पडल्याचं कबूल केलं.

"मी तं खरंच बोललो, वकीलसाहेब. मंग काहून काढलं मले?" किसना मामांच्या ओसरीवर रडला. त्या दिवशी मामांनी पुरणपोळीलासुद्धा नको म्हटलं.

निकालाच्या आधीच्या सुनावणीला त्यांनी मला मुद्दाम नेलं. गिरणीचे वकील 'कबुली, कबुली' करत बसले. मामा उठले, काळा कोट सावरला आणि बोलता बोलता एका अंगाला कलायला लागले. आणखी कलले. न्यायाधीश मूळचे आमच्या नागपूरचेच. ते खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "अरे धरा गा कोणी! वकीलसाहेब पडून राहिले!"

कोणी धरायच्या आत मामा धाडकन खाली. तिथूनच हात वर करून म्हणाले, "साहेब, आपलं हे वाक्य नोंदवून घ्यावं, एवढीच विनंती."

किसना कामावर परत गेला. मामांची कंबर मात्र कायमची धरली. "हे माहे फीचे पैसे," असं म्हणत ते लंगडत कोर्टात जात.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जवाईबापू, जाऊन राहिलो आता."

मी दुसरा हात वर केला. म्हटलं, "हरकत आहे, मामा. पुढची तारीख घ्या."

ते हसले. "हक्क अबाधित ठेवून जाऊन राहिलो, मंग तं झालं?"

दोन दिवसांनी मामा गेले. इतकी वर्षं नागपुरात काढून मला ही बोली आता चांगली कळते. पण ते वाक्य आठवलं की माझा कान पुन्हा पुण्याचा होतो, आणि त्याला फक्त 'राहिलो' एवढंच ऐकू येतं.