भोगटेकाकांचा सांधा

दुपारचे साडेतीन वाजलेत. भांड्यातली हवा उपसणाऱ्या पंपांच्या घरघरीत ऋजुताचे डोळे मिटायला लागतात. पीएचडीचं चौथं वर्ष. सूर्याच्या पोटात जे पेटतं, ते स्टीलच्या भांड्यात, चुंबकांच्या विळख्यात क्षणभर तरी धरून ठेवायचं, हे तिचं काम. बांगडीसारखं पोकळ, माणूस आत वाकून बसेल एवढं ते भांडं एकेक सांधा वेल्ड करून जोडलं प्रयोगशाळेतल्या भोगटेकाकांनी. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले. ऋजुता टेबलावर डोकं टेकते.

"काय गो, दमलीस?"

काका दारात उभे. अंगात खाकी डगला, पायांत मात्र इस्पितळातल्या निळ्या सपाता.

"काका, कुठेतरी हवा शिरतेय. सापडत नाही."

"चल, बघू."

ती त्यांच्यामागून निघते. बोळाला फिनेलचा वास येतो. दोन्ही बाजूंना खाटा आहेत, सगळ्या रिकाम्या. शेवटच्या खाटेवरून काका वाकून आत शिरतात, तशी तीही शिरते. दोघं आता भांड्याच्या पोटात बसलेत. चहूकडून थंडगार स्टील. काका सांध्यावरून अंगठा फिरवतात, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसा.

"माझा सांधा गळत नाही," ते म्हणतात. मग अंगठा थांबवून, "त्या दिवशी ते पेटलेलं किती वेळ टिकलं?"

त्या दिवशी काकांनी इस्पितळातून फोन केला होता. 'आज मशीन चालू आहे, उद्या नक्की येते,' असं ती म्हणाली होती. पहाटे ते गेले.

"चाळीस मिलिसेकंद."

"म्हणजे केवढं?"

"पापणी लवायच्या आत संपतं, काका."

काका मान डोलावतात. रागावलेले दिसत नाहीत, त्यामुळेच तिला रडू येतं.

"मी यायला हवं होतं."

"हो," ते म्हणतात. "वाट बघितली मी."

बाहेर कुणीतरी झाकणाचे बोल्ट आवळू लागतं.

"निघ आता. हवा काढायला घेतील."

"आणि तुम्ही?"

"मला आता हवा कशाला लागते?"

ती त्यांना ओढायला हात पुढे करते. काका तिचं डावं मनगट घट्ट, दुखेल इतकं घट्ट धरतात आणि तिला बाहेर लोटतात.

ऋजुता दचकून जागी होते. पंप चालूच आहेत. पडद्यावरचा दाबाचा आकडा होता तिथेच आहे. डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठलेत.

कितीतरी वेळ ती ते बघत राहते. मग उजव्या हाताची बोटं हळूच त्यांवर ठेवते.

नेमकी बसतात.