वाघाचा पासवर्ड

कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये चोर किती सहज शिरू शकतो हे तपासून मार्क देणं, हा माझा धंदा. मागे एका बड्या कंपनीला पोत्यांची ऑर्डर द्यायची होती. पोती विणणारे कारखाने दोन, एक चंद्रपुरात आणि एक गोंडपिपरीकडे जंगलाला लागून. ज्याला मार्क जास्त, त्याला ऑर्डर. गोंडपिपरीला ती मिळाली नाही तर तिथली दुसरी पाळी बंद होणार होती, आणि त्या पाळीत सगळ्या शेजारच्या गावच्या बाया.

चंद्रपूरच्या कारखान्यात कुलपाला कुलूप. इतकं पक्कं, की मॅनेजरलाच आपला कॉम्प्युटर उघडता येईना.

"सेफ आहे नं म्याडम?" तो छाती फुगवून म्हणाला.

मालकाला उघडता येतो का, असा रकाना माझ्या तक्त्यात नाही. पैकीच्या पैकी मार्क दिले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

गोंडपिपरीला सगळं उलटं. फाटकावरच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि मशीनचाही पासवर्ड तोच! मी चौकीदारावरच घसरले.

"भाऊ, हा काय खुळेपणा?"

"म्याडम, फाटकापाशी वाघ येते. बाया घरून निघाच्या आधी मोबाइलवर कॅमेरा पाह्यतेत. वाघ नसन तं निघतेत."

"अन् कोणी मशीन बंद पाडली तर?"

"मशीन कोन पाह्यते? सारे वाघच पाह्यतेत."

नियम म्हणजे नियम. मी तिथल्या तिथे दोन्ही पासवर्ड बदलले.

दुसरी पाळी आलीच नाही. चौकीदाराचा फोन मात्र वाजत राहिला. "भाऊ, वाघ कुठी आहे? दिसून नाई राह्यला!" मला हसू आलं. बस गाठायची म्हणून पिशवी खांद्याला लावली, तर तो शांतपणे म्हणाला, "जा म्याडम, पन पाहून जा."

मोबाइलवर कॅमेरा उघडला. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' या पाटीखाली वाघ ऐसपैस बसला होता. मी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. चौकीदाराने मला ग्रुपमध्ये घेतलं आणि कॅमेऱ्याचा नवा पासवर्ड मी माझ्याच हाताने तिथे टाकला. मशीनचा तेवढा दिला नाही.

पण तक्त्यात प्रश्न होताच, पासवर्ड किती जणांना माहीत? खोटं लिहिणं जमलं नाही. 'गावाला' असं लिहिलं आणि मार्क गेले. ऑर्डर चंद्रपूरला गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ऑर्डर पाठवली होती ईमेलने, आणि चंद्रपूरला तो उघडणार कोण? कंपनीने उत्तराची वाट पाहिली, दोनदा ईमेलनेच आठवण केली, शेवटी कंटाळली.

त्या ग्रुपमधून मी अजून बाहेर पडलेले नाही. माझ्या धंद्याला ते शोभत नाही, ठाऊक आहे. एके दुपारी तिथे चौकीदाराचा निरोप आला, "वाघ नाई. आर्डर आपल्यालेच भेटली. दुसऱ्या पाळीच्या साऱ्या जनी या."