जिनिंगमधला गंजलेला नट

सोनगीरजवळच्या एका जिनिंगच्या शेठजींचा फोन आला, तेव्हा मी धुळ्यात माझ्या वर्कशॉपमध्ये होते. मशीनच्या बेअरिंगवरचा नट गंजून बसला होता. पाना लावून लावून त्याचे कोपरे गोल झाले होते, आणि फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग वाढत होती.

तिथं पोचले तर सगळीकडे रुई उडत होती. ग्राइंडर किंवा गॅस कटर लावला असता, तर एका ठिणगीत सारं पेटलं असतं. छिन्नीच चालवावी लागणार होती.

तिथले जुने फिटर, सगळे त्यांना नाना म्हणत, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून आपली छिन्नी पुढे करत म्हणाले, "पोरी, हाई काम सोपं नही शे. मनाजोडे छिन्नी शे, ती ले."

त्यांच्या छिन्नीचं डोकं घाव खाऊन कडेनं फाकलं होतं.

"नाना, हिचा कपचा उडाला तर डोळा जाईल."

"वीस वरीसमा नही उडना!"

मी हत्यारांची पिशवी उघडली. माझी चपटी छिन्नी काढली. नटाच्या उंचीएवढी रुंद, डोकं घासून साफ केलेलं, धार जरा जाडच. पातळ धार लोखंडावर टिकत नाही. मेन स्विच बंद करवला, भोवतालची रुई झाडून ओली पोती अंथरली. चष्मा चढवला आणि समोर उभ्या असलेल्यांना बाजूला केलं.

आयटीआयत असताना मी अंगठा ठेचून घेतला होता. तेव्हा सर म्हणाले होते, "डोळा धारेवर ठेव, छिन्नीच्या डोक्यावर नाही."

नटाच्या सपाट बाजूवर, आतल्या बोल्टाच्या आट्यांना धक्का लागणार नाही अशी धार उभी टेकवली. आधी हलके घाव, खाच पडल्यावर जोरात. हाताला मुंग्या आल्या, घाम चष्म्यात उतरला. थांबले, पुसला, पुन्हा सुरू. मग उलट्या बाजूनेही तसंच. अचानक घावाचा आवाज बदलला. नट उभा चिरला होता! पाना लावताच दोन तुकडे हातात आले. बोल्टाचे आटे शाबूत.

नवा नट बसवून मशीन सुरू केलं, तेव्हा जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर ओरडावंसं वाटत होतं.

नाना तुटलेले तुकडे उलटसुलट बघत राहिले. मग शेठजींकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "पुढला टाईमले बी हिलेच बलावा!"