लाल दिव्यावरची पट्टी

"कॅमेरा चालू राहू दे, माणूस आत्ता कुठे सुरू होतोय."

हे वाक्य दादा इतक्यांदा म्हणायचा, की त्याच्या धाकट्या बहिणीला ते झोपेतसुद्धा ऐकू यायचं. दादा व्हिडिओ बनवायचा आणि त्यात लोकांनी काय बोलायचं, तेही लिहून द्यायचा. काम मोठं की लहान हे त्याने कधी पाहिलं नाही. गाद्यांचा दुकानदार, शिकवणीवाले सर, पंपांची कंपनी, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडची वाक्यं त्याच्याच टेबलावर तयार व्हायची. त्या डॉक्टरचे स्वतःचेच दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. "डॉक्टर, तुम्ही मिटल्या तोंडाने हसा, उघड्या तोंडाने हसायला पेशंट आहेत," असं सांगून दादाने वेळ निभावून नेली होती.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दादा लिहायचा, मागच्या खोलीत बहीण चित्रीकरण कापायची, जोडायची. म्हणून तो तिला कात्री म्हणायचा. "ए कात्री, हे सर 'म्हणजे' फार म्हणतात गं. थोडे म्हणजे छाटून टाक."

दादाची एक रीत होती. लिहून दिलेलं बोलून झालं, की तो "झालं, छान झालं," म्हणायचा, हेडफोन गळ्यात घ्यायचा, मोठा दिवा विझवायचा आणि समोरच्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचा. कॅमेरा मात्र चालूच असायचा. रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. पाणी पिता पिता माणसं सैल व्हायची. गादीवाला सांगायचा, की त्याला स्वतःला चटईवरच झोप लागते. पंपवाल्यांचे साहेब मेलेल्या बापाला आठवून नाक ओढायचे. हे तुकडे दादाने कधी कुणाला दाखवले नाहीत. काम अंगावर आलं, की तो ते एकटाच लावून बसायचा, आणि एखाद्या शेताच्या बांधावर बसल्यासारखा शांत व्हायचा.

कात्रीला ते कधीच पटलं नाही.

"दादा, हे चोरून ऐकणं झालं."

"चोरून कसलं? मी समोरच बसलेला असतो की."

"तू असतोस. कॅमेरापण ऐकतोय हे त्यांना ठाऊक असतं का?"

"दिवसभर मी लोकांच्या तोंडात खोटं घालतो गं. एखादा घोट खऱ्याचा मला नको?"

 ती आपली पडद्याकडे तोंड करायची.

मग बादल्या बनवणाऱ्या कारखान्याचं काम आलं. तिथे एक कामगार यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला होता. कंपनी आपल्या माणसांना कशी सांभाळते, यावर मॅनेजरला व्हिडिओ हवा होता. त्यात त्या कामगाराच्या बायकोने बोलायचं होतं. तिला गोदामात नोकरी द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं, आणि घरात शाळेत जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू असताना त्या नोकरीवाचून तिला दुसरा आधार नव्हता.

दादाने तिच्यासाठी लिहिलं, "कंपनी माझ्या पाठीशी घरच्यासारखी उभी राहिली." बाईने ते एका दमात, न अडखळता म्हटलं. दादा म्हणाला, "झालं, छान झालं." दिवा विझला. ग्लास तिच्या हातात आला. तिने एक घोट घेतला आणि ग्लासाकडे बघतच म्हणाली, "पट्ट्यावरची जाळी काढूनच ठेवली होती हो त्यांनी. साफसफाईला वेळ जातो म्हणून. हे रोज घरी येऊन सांगायचे, आज पण जाळी नाही. सुपरवायझरला म्हणाले, तर तो म्हणाला, तुला भीती वाटत असेल तर घरी बस."

 कॅमेरा ऐकत राहिला.

व्हिडिओ मॅनेजरला फार आवडला. काही दिवसांनी कारखान्यातून फोन आला, की केलेलं सगळं चित्रीकरण आमच्याकडे ठेवायला द्या. कात्रीने पुढच्या खोलीत डोकावून विचारलं, "दादा, सगळं देऊ?" दादा गादीवाल्याच्या नव्या जाहिरातीत बुडालेला होता. मान वर न करता म्हणाला, "दे की. आपल्याला काय लोणचं घालायचंय त्याचं?" शेवटचे तुकडे वेगळे काढायचं काम एरवी दादा स्वतः करायचा. या वेळी त्याला वाटलं, कात्रीने काढले असतील. कात्रीला वाटलं, दादाने काढले आहेत. सगळं भरलेली डिस्क कारखान्यात गेली.

त्यानंतर एका दुपारी बाई जिना चढून आली. खाली कुणीतरी चाकाची रिम ठोकत होतं. ती दारातच उभी राहिली.

"या ना वहिनी, बसा," दादा म्हणाला.

"बसायला नाही आले. मॅनेजरसाहेबांनी मला माझाच व्हिडिओ दाखवला."

"आवडला का?"

"माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता त्यात."

दादाचा चेहरा असा उतरला, की कात्रीने पाहिलं आणि नजर फिरवली.

"तुम्ही झालं म्हणालात," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरातल्या कुणी विचारावं तसं तोंड केलं होतंत तुम्ही. म्हणून बोलले. आता ते म्हणतात, कंपनीवर आळ घेणाऱ्या बाईला आत घेऊन काय करू?"

"वहिनी, तुम्ही बोललात ते खरं आहे. ते घेऊन आपण कामगार कचेरीत जाऊ. मी येतो साक्षीला."

"आणि तोवर खायचं काय? तुमचे तुकडे?"

खालची ठोकाठोक थांबली होती. दादा बराच वेळ टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिला. मग म्हणाला, "एक करता येईल. ते जाळीचं बोलणं मी लिहिलं होतं असं सांगतो. रडू यावं म्हणून रचलेलं, तुम्हाला पाठ करायला दिलेलं. मग तुमच्यावर काही राहत नाही."

कात्री ताडकन उठली. "दादा, मग जाळीचं खोटं ठरेल. आणि तुला परत काम कोण देईल? गावभर होईल, की हा मेलेल्या माणसाच्या नावाने काहीबाही रचतो."

"तू गप गं."

बाई भिंतीला टेकली. "म्हणजे हे रोज घरी येऊन जे सांगायचे, ते तुम्ही रचलेलं."

"हो."

"ते तसं बोललेच नाहीत."

"असंच सांगावं लागेल, वहिनी. या वेळी तुम्हाला विचारून सांगतोय."

बाईने पदराने तोंड पुसलं. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. "पोरीला कधी सांगू नका," एवढंच ती म्हणाली, आणि तेच तिचं होकाराचं बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून दोघं भावंडं कारखान्यात गेली. बाई आधीच फाटकाबाहेर येऊन थांबली होती. आत मॅनेजरच्या खोलीत सुपरवायझरही होता. दादाने खुर्चीत बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं, की जाळीची गोष्ट त्याची आहे, बाईची नाही, व्हिडिओत जीव यावा म्हणून त्याने ती घडवली. त्याने ते इतकं छान सांगितलं, की कात्रीलाही क्षणभर ते खरं वाटलं. लोकांच्या तोंडात वाक्यं घालता घालता जन्म गेला, पण स्वतःच्या तोंडात त्याने एवढं सफाईदार वाक्य कधी घातलं नव्हतं.

"अहो, काय हे! मेलेल्या माणसावर कसलं लेखन करता?" मॅनेजर म्हणाला. "माझ्या ओळखीच्या चार जणांना तुमचं नाव दिलं होतं मी. आता त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," दादा म्हणाला.

सुपरवायझर मिशीतल्या मिशीत हसला. "लेखक माणूस. डोकं चालतं हो यांचं." दादाने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. शेवटी सुपरवायझरच खिडकीकडे वळला. मॅनेजरने फोन उचलून फाटकावर सांगितलं, की त्या बाईला आत पाठवा, आजपासूनच.

फाटकाच्या तोंडाशी तिघं समोरासमोर आली. बाई आत चालली होती, ही दोघं बाहेर. दादा बाजूला झाला. तिने मान खाली घालून, पदर सावरत त्याला ओलांडलं आणि गोदामाकडे वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पुढे पाऊल टाकणं तिला जमलं नसतं, असं कात्रीला वाटलं.

कात्रीने स्कूटर चालू केली. "बस, दादा."

"तू हो पुढे. गादीवाल्याला फोन करून सांग, आपल्याच्याने होणार नाही म्हणून. त्याने ऐकायच्या आत आपणच सांगितलेलं बरं."

"आणि तू?"

"मी येतो चालत."

कारखान्याच्या लांबलचक भिंतीला धरून तो चालायला लागला. हात रिकामे असण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून ते कधी खिशात जात होते, कधी पाठीमागे. मातीने भरलेला एक ट्रक त्याच्या अंगावर धूळ उडवत गेला, तरी तो थांबला नाही, तोंडापुढे रुमाल धरला नाही. फाटकावरचा पहारेकरी रजिस्टरमध्ये मान घालून बसला होता. बाई गोदामात दिसेनाशी झाली होती. स्कूटरचं इंजिन बंद करून कात्री एकटीच त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली, भिंत संपून तो वळेपर्यंत, आणि वळल्यावरही.